अंधारातले चौकोन

"इथं बघ," दादा म्हणाला आणि त्यानं पडद्यावरचं चित्र थांबवलं.

नवरी होती. कुंभोजची कुणीतरी. अंतरपाटाच्या अलीकडं मान खाली घालून उभी. मला तिच्यात वावगं काही दिसेना.

"शालू चांगला आहे," मी म्हणाले.

"शालू नव्हं गं. तिच्या मागं बघ. काळ्या पडद्यावर."

मी खुर्ची पुढं ओढली. पडदा नुसता काळा दिसत होता. मग डोळा स्थिरावला आणि तो सगळीकडं एकसारखा काळा नाही हे लक्षात आलं. फरशी बसवावी तसे लहान लहान चौकोन होते, एक जरा जास्त काळा, शेजारचा जरा कमी. दादानं चित्र किंचित पुढं सरकवलं. नवरी हलली, चौकोन जागचे हलले नाहीत. आणखी थोडं सरकवल्यावर ते सगळे एकदम बदलले.

"फाइल लहान कर म्हटलं की कॉम्प्युटर कुठलं तरी काढून टाकणारच," दादा म्हणाला. "तो अंधारातलं काढतो. चेहऱ्यावरचं काढलं तर लगेच कळेल. अंधारात कोण बघतंय?"

"गिऱ्हाईक बघत नाही?"

"गिऱ्हाईक स्वतःला बघतंय. मामा दिसला, आत्या दिसली, आहेर दिसला, झालं. अख्खं लग्न एका पेनड्राइव्हवर मावलं पाहिजे आणि घरच्या टीव्हीवर चाललं पाहिजे. मी करतो लहान आणि झोपतो निवांत. पण तुझं तसं नाही, पद्मे. तुझं सगळंच अंधारात."

ते खरं होतं. मी पाण्यातल्या जीवांचं चित्रण करायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवून बाजूनं तिरका उजेड सोडला की मागचं सगळं काळं होतं आणि थेंबातले जीव चांदीसारखे उजळून निघतात. काही काचेच्या होडीसारखे, काही डोक्यावर चाकं फिरावीत तसे केस फिरवणारे. एका बंद पडलेल्या कॉलेजचा सूक्ष्मदर्शक मी घेतला होता, त्यावर दादाच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा बसवला होता. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी काही काळ एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. तिथलं कंत्राट संपलं आणि मी घरी, जयसिंगपूरला परत आले.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दादाचा स्टुडिओ, मधे घर, मागं परड्यात आड. आमच्या जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. आई असताना ती रोज सकाळी जाड फडक्यातून पाणी गाळायची आणि फडक्यावर जे राहायचं ते गाळलेल्या पाण्यानंच हलकेच एका छोट्या तांब्यात उतरवून परत आडात सोडायची. वरून ओतायचं नाही, त्यातले जीव आपटून मरतील. त्यासाठी त्या तांब्याला दोन दोर होते, एक गळ्याला आणि एक तळाच्या कडीला. गळ्याच्या दोरानं तांब्या पाण्यापर्यंत न्यायचा, पाण्याला टेकला की तळाचा दोर ओढायचा. तो पाण्यातच आडवा होई. आई गेल्यावर हे काम दादानं स्वतःकडं घेतलं. स्टुडिओ उघडायच्या आधी तो रोज आडावर जाई, मग लग्नाची कितीही घाई असू दे.

मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक लावला तेव्हा त्या फडक्यावरचाच थेंब घेतला होता. दादानं डोळा लावला आणि बराच वेळ उठला नाही. मग म्हणाला, "आईला दाखवायला पाहिजे होतं."

मला वाटतं, मी त्या दिवशीच ठरवलं की आता हेच करायचं.

परदेशातली एक कंपनी होती. जगभरातले लोक तिच्याकडं आपलं चित्रण देत, आणि माहितीपट करणारे, पाठ्यपुस्तकं करणारे, जाहिरातवाले त्यातून हवं ते घेत. सूक्ष्मजीवांचा वेगळा विभाग असलेली मला तरी तेवढी एकच सापडली. नवीन माणसानं आधी दहा चित्रफिती परीक्षेला पाठवायच्या. तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की खातं कायमचं बंद.

दुसरीकडं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक जागा होती. कायमची. कारखान्याच्या अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाचं काम दादाकडं होतं, त्या ओळखीतून त्याला ती कळली होती. दिवाळी झाल्यावर एकदा जेवताना त्यानं विषय काढला.

"उसाचा रस तपासत बसू मी?" मी म्हणाले.

"दूध तपासत होतीस की. रस गोड तरी असतो."

वहिनी हसली. मी हसले नाही. तेव्हा दादानं ताट बाजूला सारलं. "बरं, असं करू. तुझ्या त्या परीक्षेत पास झालीस तर कारखान्याचं नाव काढणार नाही. नाही झालीस तर गुमान जायचं. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणाले. मला तो सौदा न्यायाचा वाटला. दादाचा हात मी लहानपणी शाळेला जाताना धरायची, तसा त्या दिवशी पण धरला.

पहिल्या खेपेला चूक माझी झाली. मोठी फाइल पाठवायला लागलं की गावातलं नेट मधेच तुटायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. कंटाळून मी दादाकडून फायली लहान करून घेतल्या. उत्तर आलं: नापास, गडद भागात कॉम्प्रेशनचे दोष, म्हणजे फाइल दाबून लहान करताना आलेले. मी त्या फायली दादाच्या मोठ्या पडद्यावर लावल्या. नवरीच्या मागं होते तसेच चौकोन माझ्या जीवांच्या मागं होते. एका ठिकाणी तर जीवाचे केसच पुसले गेले होते आणि तो बिचारा कशाच्या जोरावर पोहतोय ते कळत नव्हतं.

मग मी ते शास्त्रानं करायला घेतलं. दर सेकंदाला किती माहिती ठेवायची याचा एक आकडा असतो, त्याला बिटरेट म्हणतात. तो वाढवला की चित्र चांगलं होतं आणि फाइल फुगते. पण एका मर्यादेपलीकडं फाइल फुगतच जाते आणि चित्रात मात्र डोळ्याला फरक कळत नाही. ती मर्यादा मला शोधायची होती. एकच चित्रफीत मी चढत्या आकड्यांनी काढली, नावं झाकली आणि वहिनीला सांगितलं, तुम्हाला हव्या त्या क्रमानं लावा, मी आणि दादा ओळखतो.

वहिनी स्टुडिओत अल्बमची कामं बघायची. तिला हा खेळ आवडला. "आता सांगा बघू," असं म्हणत ती एकेक लावायची आणि आम्ही कागदावर लिहायचो. मी बऱ्याच वेळा चुकले. दादा चुकला नाही. डोळे बारीक करून तो पडद्याच्या एका कोपऱ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "ही लहान. ही तिच्याहून लहान. ही चांगली."

"तुमचा भाऊ फसायचा नाही, पद्माताई," वहिनी म्हणाली.

एका आकड्याच्या वर गेल्यावर दादालाही फरक सांगता येईना. तो आकडा मी धरला आणि वर थोडी भर घातली. फायली आता भल्या मोठ्या होणार होत्या, पण त्यावर दादानंच उपाय काढला. सांगलीत त्याच्या मित्राच्या ऑफिसात वेगवान नेट होतं. पेनड्राइव्ह घेऊन तिथं जायचं आणि तिथून पाठवायच्या.

लग्नसराई सुरू झाली होती, स्टुडिओचा कॉम्प्युटर कायम कामात असायचा. मी मूळ चित्रण आणि आकडे दादाला दिले. सवड काढून त्यानं दहा फायली तयार केल्या आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

"बघितल्यास?" मी विचारलं.

"सगळ्या बघितल्या. लोणी आहे लोणी."

माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्या फायली अडखळत चालायच्या, काही नीट दिसायचं नाही. म्हणून मी आकार तपासला. बिटरेट आणि लांबी यांचा गुणाकार केला की फाइल केवढी यायला हवी ते कळतं. हिशेब बरोबर जुळला. प्रयोगशाळेत आम्ही असंच करायचो, वजन जुळलं की नमुना पुढं. मी पेनड्राइव्ह दादाला परत दिला आणि तो सांगलीला गेला.

नापास. गडद भागात कॉम्प्रेशनचे दोष.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कारण जुळत नव्हतं. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये ते दोष यायला जागाच नव्हती. फायली दादानं बघितल्याच होत्या, म्हणून मी बाकीचं सगळं तपासत गेले. भिंग काढून पुसलं. दिवा बदलला. सूक्ष्मदर्शक घट्ट दगडी कट्ट्यावर हलवला. काही राहिलं नाही तेव्हा मी स्वतःकडं वळले. मला जे स्वच्छ दिसतं ते खरोखर स्वच्छ आहे का? ओळखण्याच्या खेळात मी चुकत होते, हे मला आठवलं.

"दादा, माझ्या डोळ्यांतच काही असेल का?"

तो कॅमेऱ्याची बॅटरी घालत होता. "डोळ्यांत काय असणार?"

"तुला दिसतं ते मला दिसत नाही."

त्यानं बॅटरीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "तुझ्या मनात आलंय तर दाखवून येऊ."

आणि तोच मला मोटरसायकलवर मिरजेला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, बुबुळं मोठी झाली, बाहेरचा उजेड सहन होईना. परत येताना मी डोळे मिटून दादाच्या पाठीला टेकून बसले होते. खड्डा आला की तो आधी सांगायचा. "आता जरा धर गं." डोळ्यांत काहीही दोष नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उलट उत्तम आहेत.

तिसऱ्या खेपेसाठी मी सगळं चित्रण नव्यानं केलं. आडाच्या पाण्याची बरणी खिडकीत ठेवली होती, तिच्यातून रोज थेंब घ्यायची. त्या दिवसांत मला एक जीव सापडला, दुधी शिंगासारखा, देठानं शेवाळाला चिकटलेला. त्याच्या तोंडाशी केसांचं कडं होतं आणि ते पाण्यात भोवरा उठवत होतं. शेजारून जाणारे लहान जीव त्या भोवऱ्यात ओढले जायचे. तो आकसायचा, पुन्हा हळूहळू उमलायचा. मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत चांगलं चित्रण ते. बिटरेट मी आणखी वाढवून मागितला. दादा म्हणाला, "तू म्हणशील तसं." पुन्हा त्यानं पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. पुन्हा मी विचारलं, बघितल्यास? पुन्हा तो म्हणाला, बघितल्या. मी आकार जुळवला.

उत्तर आलं तेव्हा दुपार होती आणि दादा माझ्या मागं उभा होता. तीच ओळ. तिच्याखाली, आपलं खातं आता बंद करण्यात आलं आहे. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे गं. प्रयत्न केलास."

"दादा, चांगलं होतं ते."

"होतं की," तो म्हणाला. "मी बघितलंय."

ठरल्याप्रमाणं मी कारखान्यात हजर झाले. प्रयोगशाळेचे प्रमुख आवटी साहेब होते, वयस्कर, सौम्य. त्यांनी माझ्यासाठी टेबल पुसून ठेवलं होतं.

"या, या. तुमची जागा दसऱ्यापासून धरून ठेवली आहे," ते म्हणाले. "अध्यक्षसाहेबांनीच सांगितलं होतं. तुमच्या बंधूंनी शब्द दिला होता ना, संक्रांत झाली की बहीण येईल म्हणून."

माझं दादाशी बोलणं झालं होतं ते दिवाळीनंतर. साहेबांच्या लक्षात सण मागंपुढं झाला असेल, असं मला वाटलं. मी पिशवीतून पांढरा कोट काढला आणि घातला.

काम वाईट नव्हतं. मी कारखान्याच्या वसाहतीत राहायला लागले. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला कारखान्याच्या शाळेत कार्यक्रम होता, तिथं काहीतरी दाखवा असं आवटी साहेबांनी सुचवलं. माझ्याकडं तिसऱ्या खेपेचा पेनड्राइव्ह होता. शाळेच्या सभागृहात भिंत भरून जाईल एवढा पडदा होता आणि फाइल न अडखळता चालेल असा नवा कॉम्प्युटर.

खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. पहिलीच चित्रफीत त्या दुधी शिंगाची. पोरं गप्प झाली. भोवरा फिरत होता, जीव आकसला, उमलला.

मी मागच्या काळ्याकडं बघितलं.

ते फरशी बसवल्यासारखं होतं. इकडून तिकडं, भिंतभर. जीवाच्या तोंडाजवळचे केस एकात एक मिसळून तिथं राखाडी ठिगळ झालं होतं. ते ठिगळ ठरावीक वेळानं एकदम बदलत होतं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, ते मागचे चौकोन म्हणजे पेशी आहेत का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग काय आहे?"

"ते पाण्यात नाही," मी म्हणाले. "ते नंतर आलंय."

उरलेल्या फिती मी दाखवल्या. सगळ्यांत तेच होतं. मी प्रत्येक जीवाचं नाव सांगितलं, तो काय खातो ते सांगितलं. टाळ्या झाल्या. मग खोलीवर जाऊन मी फायलींचा आकार पुन्हा बघितला. बरोबर होता. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये असे चौकोन एकाच रीतीनं येऊ शकतात, तिला जे चित्र दिलं त्यातच ते आधीपासून असले तर. आणि मूळ चित्रणात ते होते की नव्हते, हे फक्त दादाच्या कॉम्प्युटरवर कळणार होतं.

सुट्टीच्या दिवशी मी घरी गेले. दादा सकाळच्या लग्नाला गेला होता. वहिनी अल्बमची पानं लावत बसली होती. मी तिला म्हटलं, जरा कॉम्प्युटर वापरते.

मूळ फाइल उघडली. मागचं काळं सलग काळं होतं, मखमलीसारखं. केसांच्या कड्यातला एकेक केस सुटा दिसत होता. मी माझा आकडा घातला आणि फाइल काढायला लावली. एकदाच. ती तयार झाली तेव्हा पेनड्राइव्हमधली फाइल तिच्या शेजारी लावली. दोन्हींचा आकार जवळजवळ सारखा. एकीत चौकोन, दुसरीत नाही.

वहिनी चहा घेऊन आली. "झालं पण? ह्यांना तर तुमच्या फायलींना खूप वेळ लागायचा."

"का?"

"दोनदा करायचे ना. आधी आपल्या लग्नाच्या सेटिंगवर, पेनड्राइव्हला करतात तशी लहान. मग तीच लहान फाइल घेऊन पुन्हा मोठी. मी म्हटलं, हे काय उलटसुलट? तर म्हणाले, परदेशी कंपनीला असंच लागतं."

"पहिल्या खेपेला पण?"

"नाही. तेव्हा सरळ केलं होतं. दुसऱ्या खेपेपासून." तिनं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. "काय झालं, पद्माताई?"

पहिल्यांदा लहान करताना जे फेकलं जातं ते गेलंच. पुन्हा कितीही मोठी केली तरी ते परत येत नाही. मोठी फाइल मग ते चौकोनच जपून ठेवते, अगदी काटेकोर, कडा न कडा. आकार जुळतो. मी आकार तपासते हे दादाला माहीत होतं.

मी वहिनीला काही सांगितलं नाही. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी थांबवून ठेवली आणि बसून राहिले. चहा गार झाला.

दादा आला तो दोन्ही खांद्यांवर बॅगा घेऊन. "अगं, कधी आलीस? फोन करायचास की. लग्नातला लाडू आणलाय बघ." मग त्याची नजर पडद्यावर गेली.

"कुठली कुठली आहे, सांग," मी म्हणाले.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. डोळे बारीक करायची त्याला गरज पडली नाही.

"डावीकडची माझी," तो म्हणाला.

वहिनी पानं लावायची थांबली.

"चुकून झालं का?" मी विचारलं.

तो हो म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. लग्नसराई, गडबड, हाताला पडलेली सवय. असं होऊ शकतं. मी त्याला हवा तेवढा वेळ दिला. त्यानं बॅगा उतरवल्या, भिंतीला नीट टेकवून ठेवल्या, बूट काढले.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"शब्द देऊन बसलो होतो. दसऱ्याला. अध्यक्षांनी आपण होऊन विचारलं, बहीण काय करते. आपल्या लोकांत अशी जागा कुणाला मिळते? मी हो म्हणून आलो."

"मला सांगायचंस."

"ऐकली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग तू दिवाळीनंतर माझ्याशी ठरवलंस कशाला?"

तो स्टुलावर बसला. "मला वाटलं, तशीच नापास होशील. पहिल्यांदा झालीस की. नंतर तू ते आकडे काढलेस, तो ओळखायचा खेळ केलास. तेव्हा मला कळलं, आता ही पास होणार."

वहिनी म्हणाली, "अहो, मला म्हणालात कंपनीला तसंच लागतं."

"तू गप्प बस जरा."

"मिरजेला घेऊन गेलास मला," मी म्हणाले. "डोळे दाखवायला."

"तू म्हणालीस म्हणून."

"वाटेत खड्डे सांगत होतास."

 बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटो विचारायला आलं, वहिनीनं उठून त्याला संध्याकाळी यायला सांगितलं आणि ती दारातच उभी राहिली.

"खरं सांगू?" दादा म्हणाला. "मला वाटत होतं, तू बघशील. दोन्ही वेळेला पेनड्राइव्ह तुझ्या हातात दिला. इथं येऊन एकदा, नुसतं एकदा बघितलं असतंस तर लगेच दिसलं असतं. भांडली असतीस. मी गुमान नीट काढून दिल्या असत्या. आईशपथ."

"मी तुला विचारलं होतं, बघितल्यास का."

"हो."

"सगळ्या बघितल्या म्हणालास."

"बघितल्या होत्या की," दादा म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. "पूर्ण बघितल्या, दोन्ही वेळेला."

मी उठले आणि कॉम्प्युटर बंद केला. तो मागून बोलत राहिला. वहिनीच्या नावानं नवीन खातं काढू. नवा कॉम्प्युटर घेऊ, तुझ्या एकटीसाठी. पाहिजे तेवढ्या मोठ्या फायली काढ, मी हात लावणार नाही. सांगलीला तू स्वतः जा. मी सूक्ष्मदर्शकावरचं भिंग उतरवून कापडात गुंडाळलं. कॅमेरा त्याचा होता, तो टेबलावर ठेवला.

पुढं मी कारखान्यातच राहिले. आज त्या प्रयोगशाळेत आवटी साहेबांच्या खुर्चीवर मी बसते. सूक्ष्मदर्शक माझ्या घरी आहे, चित्रणही अधूनमधून करते. दादा दिवाळीला येतो, विचारतो, काय नवीन काढलंस, दाखव की. मी फराळाचं ताट पुढं करते. दुसऱ्या कंपन्या निघाल्या, तीन संधींची भानगड नसलेल्या. मी कुठंच काही पाठवलं नाही. पाठवायच्या आधी फाइल लावून बघायला बसते, आणि शेवटपर्यंत बघून झाली की पहिल्यापासून पुन्हा बघते.

त्या दुपारी निघायच्या आधी खिडकीतल्या बरणीकडं माझं लक्ष गेलं. वहिनीनं तिच्यात मधून मधून पाणी घातलं होतं. शेवाळ वाढलं होतं. ती तशीच ठेवून गेले असते तर उन्हाळ्यात सुकली असती. मी बरणी घेऊन परड्यात गेले. आडाच्या कठड्यावर छोटा तांब्या पालथा घातलेला होता, दोर नीट वेटोळे करून ठेवलेले. मी बरणीतलं पाणी हळूहळू तांब्यात उतरवलं.

दादा मागोमाग आला. अनवाणीच. त्यानं हात पुढं केला.

"दे, मी सोडतो. तुला ते दोन दोर जमायचे नाहीत."

मी गळ्याचा दोर धरला आणि तांब्या कठड्यावरून आत घेतला.

"नको," मी म्हणाले. "मी बघून सोडते."

आणि तांब्या पाण्याला टेकेपर्यंत मी आडात वाकून बघत राहिले.